मागाल तेवढं देणारी

कारिन्यां या द्राक्षाच्या जातीला आधार लागत नाही. मांडव नाही, वाय आकाराचे खांब नाहीत, तारा नाहीत. नाशिककडच्या द्राक्ष बागायतदाराला पहिल्या नजरेत ती वेल वाटणारच नाही. दक्षिण फ्रान्सच्या लांगदोक भागात, कोर्बिएरच्या दगडाळ उतारांवर ती आपल्याच खोडावर उभी असते. गुडघ्याएवढी उंची, पीळ पडलेलं काळपट खोड, सुटलेली सालपटं आणि वरच्या टोकाला चार-पाच आखूड हात. हिवाळ्यात प्रत्येक हातावर दोन डोळे राखतात आणि बाकीच्या काड्या छाटून टाकतात. जानेवारीत ते रान पेटून विझल्यासारखं दिसतं. जूनमध्ये त्याच खोडांवर ताठ काड्यांची झुडपं उभी असतात. इतर जातींच्या काड्या जमिनीकडे लोळतात, हिच्या सरळ वर जातात. म्हणून तारांचा खर्च वाचतो, आणि गरीब शेतकऱ्याच्या घरी तिचा पाय शिरतो तो इथूनच.

स्वभावाने ती संथ. शेजारच्या जाती वसंताची पहिली ऊब लागताच डोळे फोडतात, ही पडून राहते. ८ एप्रिल २०२१च्या पहाटे फ्रान्सभर हिमदव पडला, तेव्हा कोवळी फूट करपून द्राक्षबागांचं अतोनात नुकसान झालं. अशा वर्षी उशिरा जागं होणं कामी येतं. पण जी उशिरा उठते ती उशिरा पिकते. इतर द्राक्षं पिंपात आंबू लागली तरी कारिन्यांचे घड सप्टेंबर संपेपर्यंत, कधी ऑक्टोबरातही, वेलीवरच असतात. फ्रान्समध्ये एवढं लांबलेलं ऊन भूमध्य समुद्राच्या काठीच मिळतं, म्हणून बर्गंडीत किंवा शांपेनमध्ये तिला कुणी लावत नाही.

खोडीही तिच्यात भरपूर आहेत. भुरी तिला लगेच धरते. डोंगरावरून सुटणारा कोरडा त्रामोंतान वारा पानं सुकवतो म्हणून थोडं निभावतं, पण समुद्राकडून दमट वारा वाहू लागला की गंधकाच्या धुरळणीला पर्याय नसतो. घड खोडाला बिलगून लागतात आणि त्यांचे देठ लाकडासारखे. काढणीचं यंत्र वेल हलवून मणी पाडतं. कारिन्यांकडे तो उपाय फारसा चालत नाही. कात्री घेऊन माणसालाच वाकावं लागतं, तेही झुडपाच्या पोटात हात घालून. ज्यांची सारी हयात या कामात गेली त्यांच्या कमरेला हिच्याबद्दल फारसं प्रेम नसतं.

आणि वाइन? रंग गडद, आंबटपणा धारदार, तुरटपणा जिभेवर बसणारा, मागे थोडी कडवट चव. कोवळ्या वयाच्या, मालाने लगडलेल्या वेलीची असेल तर सुगंध जवळजवळ नाहीच. पण भर उन्हाच्या मुलखात आंबटपणाची किंमत वेगळी असते. तिथली दुसरी जात, ग्रनाश, पिकत जाते तशी गोड आणि ढिली होते. तिच्या वाइनला अल्कोहोल भरपूर, कणा कमी. तो कणा कारिन्यां पुरवते. पिंपात दोघी एकत्र आल्या की ग्रनाशचं मांसल गोडपण आणि हिची धार एकमेकींना सांभाळून घेतात. लेबलावर नाव मात्र बहुतेक वेळा भागाचं असतं, हिचं नाही.

मूळची ती स्पेनमधल्या अरागोन प्रांताची. पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये आली, पण तिचा खरा काळ आला तो एका किड्यामुळे. १८६०च्या दशकात ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या वेली कारण न कळता वाळू लागल्या. १८६८ साली माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळं खणून पाहिली, तेव्हा त्यांवर बारीक पिवळसर किडे सापडले. तोच फिलॉक्सेरा, अमेरिकेतून आलेला. त्याच्यावर औषध चालेना. शेवटी अमेरिकन खुंटावर युरोपीय काडीचं कलम हाच मार्ग उरला. नाशिकला आज डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधतात ते मुख्यतः क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून. लांगदोकमध्ये तो बाग राहण्याचा किंवा जाण्याचा प्रश्न होता.

सगळा मुलूख नव्याने लावायचा म्हटल्यावर शेतकऱ्याने हिशेब केला. खुंटांचा आणि कलमांचा खर्च काढायचा तर माल जास्त हवा. रेल्वे होतीच, पॅरिस आणि उत्तरेच्या कारखानी शहरांतल्या मजुरांना स्वस्त लाल वाइन हवी होती. बागा टेकड्यांवरून सपाट, कसदार जमिनीत उतरल्या. आधी आरामों या जातीचं राज्य झालं. ती माल अमाप द्यायची, पण वाइन इतकी फिकी की रंगासाठी त्यात अल्जेरियाची वाइन मिसळावी लागे. कारिन्यां माल देई आणि रंगही देई.

या जास्तीच्या मालाचे चटके लवकरच बसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाव कोसळले, त्यात साखर-पाण्याच्या बनावट वाइनची भर. १९०७ साली आर्जेलिए गावचा मार्सेलाँ आल्बेर हा कॅफेवाला शेतकरी पुढे झाला, आणि ९ जूनला माँपेलिएच्या रस्त्यांवर पाच लाखांहून अधिक माणसं उतरली. नार्बोनमध्ये सैनिकांनी गोळीबार केला, माणसं मेली. सतराव्या पायदळ रेजिमेंटचे शिपाई याच भागातले. त्यांनी बंड करून बेझिए गाठलं. महिनाअखेरीस पंतप्रधान क्लेमांसोंच्या सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. बनावट वाइनला चाप बसला. खऱ्या वाइनचा पूर मात्र कायदा करून थांबणारा नव्हता.

कारण तो पूर येण्यातच सगळ्यांचं हित होतं. गावोगाव सहकारी वाइनरी उभ्या राहिल्या. बेझिएजवळच्या मारोसां गावची १९०१ची, अगदी पहिल्यांपैकी. शेतकऱ्याला पैसे मिळत ते द्राक्षांचं वजन आणि त्यातली साखर पाहून. चवीचा रकाना त्या वहीत नव्हता. कारिन्यांने वही बरोबर वाचली. सपाटीवर, भरपूर खत-पाणी मिळालं की ती हेक्टरी वीस हजार लिटरपर्यंत वाइन देई. हेक्टरला चार हजार वेली धरल्या तर एका वेलीमागे पाच लिटर. १९६०च्या दशकात आरामोंला मागे टाकून ती फ्रान्समधली सर्वांत जास्त लागवडीची जात झाली.

नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक उठून जायला लागलं. १९६० साली फ्रान्समध्ये माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन प्यायली जाई. पुढे तो आकडा घसरत निम्म्याच्याही खाली गेला. खाणीत, कारखान्यात घाम गाळून दुपारच्या जेवणाबरोबर लिटरभर रिचवणारा माणूस कमी झाला. जे पीत होते त्यांना थोडी पण चांगली हवी होती. उरलेली वाइन युरोपच्या सरकारी पैशाने विकत घेऊन तिचा औद्योगिक अल्कोहोल करायची वेळ आली. तेव्हा आरोपी शोधणं सोपं होतं. १९८८ साली फ्रान्समध्ये कारिन्यांखाली सुमारे १ लाख ६७ हजार हेक्टर होते. त्याच सुमाराला युरोपीय समुदायाने बागा उपटणाऱ्याला मोठं अनुदान देऊ केलं, आणि बारा वर्षांत ते क्षेत्र लाखाच्या आत आलं. तिच्या जागी सिरा आणि मेर्लो बसल्या. तज्ज्ञांनी तिला रांगडी, गावंढळ ठरवलं. दोन पिढ्या ज्यांनी तिच्याकडून पाच-पाच लिटर काढले, त्यांनीच ती फार पिकते असा ठपका ठेवला.

वाचली कोण? जिथे ट्रॅक्टर वळत नाही अशा उतारावरची. जिचा म्हातारा मालक अनुदानाचा फॉर्म भरायला गेला नाही ती. जी उपटण्याएवढीही कुणाला महत्त्वाची वाटली नाही ती. साठ-ऐंशी वर्षांची ही खोडं आता फारसा माल देऊच शकत नाहीत. मुळं खडकाच्या फटींत खोल गेलेली, घड मोजके, मणी लहान. हेक्टरी जेमतेम दोन हजार लिटर, म्हणजे वेलीमागे अर्धा लिटर. एक बाटलीही भरत नाही. पण त्या अर्ध्या लिटरात काळ्या फळांची, गारिग म्हणतात त्या दगडाळ माळावरच्या रोझमेरी-थाइमसारख्या झुडपांची आठवण देणारी चव असते, आणि ती धार तशीच शाबूत.

तिच्या तुरटपणावरही तोडगा नार्बोनमध्येच निघाला होता. १९३४ साली संशोधक मिशेल फ्लांझी यांनी अख्खे घड, न चिरडता, कार्बन डाय-ऑक्साइडने भरलेल्या टाकीत ठेवून पाहिले. मण्याच्या आतच आंबण्याची सुरुवात होते, फळाचा स्वाद रसात उतरतो आणि तुरटपणा मऊ होतो. कोर्बिएर आणि मिनेर्व्वा भागांत पुढे ही रीत रुळली. २००५ साली कोर्बिएरमधल्या बुतनाक टापूला स्वतंत्र नामांकन मिळालं, ते मुख्यतः जुन्या कारिन्यांच्या बळावर. आता लेबलावर ‘जुन्या वेली’ हे शब्द मोठ्या अभिमानाने छापतात.

तरीही उपटणं थांबलेलं नाही. गेल्या काही वर्षांत दुष्काळ आणि पडलेला खप यांनी ओद जिल्ह्यात पुन्हा अनुदानं आणि रिकामी शेतं आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये रिबोत गावाजवळ लागलेली आग कोर्बिएरच्या सुमारे १६ हजार हेक्टरांवर पसरली. नांगरलेली द्राक्षबाग सहसा पेटत नाही. आग तिच्या बांधाशी येऊन मंदावते. बागा गेल्या तिथे वाळलेलं गवत आणि झुडपं माजली होती. वाइन बनवण्यापलीकडे ही वेल आणखी काय करत होती, ते तेव्हा गावांना कळलं.

आज तिचं कौतुक होतं ते वयाचं. पण साठ वर्षांची वेल कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नाही. कुणीतरी आज काडी लावायची, चाळीस वर्षं तिची भुरी, तिचे देठ, तिचं उशिरा पिकणं सहन करायचं, आणि या सगळ्या काळात तिच्याकडून कमी मागायचं, तेव्हा कुठे नातवाच्या हाती जुनी कारिन्यां येईल. कमी मागणं शेतकऱ्याला तेव्हाच परवडतं, जेव्हा त्या अर्ध्या लिटरावर घर चालतं. तो भाव देणारं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर पाच लिटरचा मोह पुन्हा होईल, ती पुन्हा निमूट पाच लिटर देईल, आणि दोष पुन्हा तिच्याच नावावर लागेल.