निदानंगा : कुकटपल्ली ते कोठी

आमच्या घरासमोरच्या रस्त्याला इथे सगळे मुंबई हायवे म्हणतात. कागदोपत्री तो राष्ट्रीय महामार्ग ६५. पुण्याहून निघतो, सोलापूर, उमरगा, जहीराबाद करत कुकटपल्लीत येतो आणि पुढे विजयवाड्यावरून मछलीपट्टणमला समुद्रापाशी थांबतो. मी लहान असताना बाबा गॅलरीत उभे राहून म्हणायचे, "कुठेही न वळता हाच रस्ता धरला ना, की थेट तुझ्या मावशीचं पुणं!"

२०२२ च्या पावसाळ्यात त्याच रस्त्याच्या कडेला असलेल्या दुधाच्या दुकानापर्यंत मला जाता येत नव्हतं. पाय धड होते, रस्ता ओळखीचा होता. तरी जाता येत नव्हतं.

सुरुवात रैतू बझारात झाली. शनिवारची सकाळ, नेहमीची गर्दी. मी गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या आंबाडीची, जुडी निवडत होते. काहीच घडलं नाही आणि अचानक छाती धडधडायला लागली. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, आवाज लांबून येत असल्यासारखे वाटू लागले. 'आपण आत्ता इथेच पडणार, मरणार' एवढा एकच विचार डोक्यात राहिला. जुडी तिथेच टाकून मी रिक्षा पकडली. घरी पोचून वीस मिनिटं झाली आणि सगळं शांत.

पुढच्या शनिवारी बाजाराच्या फाटकापाशीच पोटात गोळा आला, म्हणून परत फिरले. परत फिरल्यावर इतकं हलकं वाटलं, की तीच चूक ठरली. मन शिकलं : पळालो म्हणून वाचलो. मग बाजार सुटला. मग मेट्रो, मग ऑफिसला जाणं (काम घरून करता येत होतं, त्यामुळे कुणाला कळलंही नाही), मग सिनेमा, मग लिफ्ट. चार महिन्यांत माझं हैदराबाद आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढं झालं.

घरच्यांनी आपापल्या परीने उपाय केले. आईने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. बाबांनी ईसीजी काढायला नेलं, तेही मी डोळे मिटून गाडीत बसले तेव्हा. धाकटा भाऊ पक्का हैदराबादी. तो म्हणाला, "लाइट लो ना दीदी!" इथे कशावरही हाच उतारा असतो. बस चुकली, लाइट लो. पेपर अवघड गेला, लाइट लो. मला मात्र त्या शब्दांचा राग यायचा. जड वाटत असलेल्या माणसाला हलकं घे म्हणून सांगणं सोपं असतं.

ईसीजी नीट, थायरॉइड नीट. हे तपासून घेणं आवश्यकच होतं, कारण छातीत धडधडणं म्हणजे दर वेळी भीतीच असं घरबसल्या ठरवू नये. मग मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं : पॅनिक अटॅक आणि त्यातून आलेला अगोराफोबिया. काही महिने गोळ्याही दिल्या आणि मी त्या सांगितल्याप्रमाणे घेतल्या.

अगोराफोबिया म्हणजे मोकळ्या जागेची भीती, असं मी शाळेत कुठेतरी वाचलं होतं. ते अर्धंच खरं. जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही किंवा काही झालं तर मदत मिळणार नाही असं वाटतं, त्या जागांची ही भीती. गर्दी, रांग, पूल, बस, लिफ्ट, कधी नुसतं घराबाहेर एकटं असणं. १८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी हे नाव दिलं, कारण त्यांच्याकडे आलेल्या काही रुग्णांना शहरातले मोठे चौक ओलांडता येत नव्हते. 'अगोरा' हा ग्रीक शब्द. अर्थ : जिथे लोक जमतात तो चौक, बाजार. मला हसूच आलं. माझी गोष्ट खरोखरच बाजारात सुरू झाली होती.

निदान कळलं, पण दाराबाहेर पाऊल कोण टाकणार? इथे तिसऱ्या मजल्यावरच्या अक्का आल्या.

अक्का साठीच्या, मूळ वरंगळच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. एकदा जिन्यात त्यांनी मला पाचव्या मजल्यावर दम खात चढताना पाहिलं. लिफ्ट चालू होती. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या, "मैं भी दो साल लिफ्ट में नै बैठी अम्मा." मी तिथेच पायरीवर बसून रडले. त्याही बसल्या. यजमान गेल्यानंतर त्यांना असेच झटके यायचे. बँकेत, देवळात, लग्नात. त्या काळी कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण हैदराबादेत असं काही बोललं की लोक लगेच "एर्रगड्डा" म्हणायचे. तिथे मनोरुग्णालय आहे. आपल्याकडे येरवड्याचं किंवा ठाण्याचं नाव घेऊन थट्टा करतात, तसंच.

"चल, खाली जाऊ," त्या म्हणाल्या. "फाटकापर्यंत. निदानंगा."

निदानंगा म्हणजे तेलुगूत सावकाश, घाई न करता. मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणं, आणि निदान म्हणजे किमान, कमीत कमी. डॉक्टरांनी पहिलं निदान केलं. उरलेली दोन मला अक्कांनी शिकवली : निदान फाटकापर्यंत, आणि तेही निदानंगा.

हैदराबादचे लोक हल्ली पत्ता सांगताना मेट्रोच्या खांबाचा नंबर सांगतात. अमुक नंबरच्या पिलरसमोर यू-टर्न, तमुक पिलरपाशी बिर्याणीवाला. आमच्या समोरही ते खांब ओळीने उभे आहेत. तीच आमची मोजपट्टी झाली. पहिल्या आठवड्यात एक खांब. तिथे उभं राहायचं, भीती चढू द्यायची आणि ती उतरेपर्यंत परतायचं नाही. नियम एवढाच. एका वहीत निघताना भीती दहापैकी किती आणि परत येताना किती, ते लिहायचं. पहिल्या पानावर आहे : ९, ६. वही अजून माझ्याकडे आहे.

हे का चालतं, ते नंतर वाचून कळलं. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरतो, कारण शरीर तेवढा जोर कायम टिकवू शकत नाही. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि गरगरणं. म्हणजे मुंग्या हे मरण्याचं लक्षण नव्हतं, तो श्वासाचा हिशोब होता. आपण टोकावर असतानाच पळालो, तर उतार कधी बघायलाच मिळत नाही.

याच वाचनात क्लेअर वीक्स भेटल्या. सिडनीच्या. आधी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, मग डॉक्टर झाल्या. तरुणपणी त्यांना क्षयरोग झाल्याचं चुकीचं निदान झालं होतं. विश्रांतीसाठी महिनोन्‌महिने एकटं ठेवलं, आणि त्या भीतीने त्यांची छाती सतत धडधडू लागली. उलगडा एका मित्राने केला. तो पहिल्या महायुद्धात लढलेला होता. त्याने सांगितलं, की हे घाबरल्यामुळे होतंय, खंदकात आम्हा सैनिकांचंही असंच व्हायचं. तू धडधडीला घाबरतेस, म्हणून धडधड वाढते. तेवढ्या बोलण्याने त्यांना वाट सापडली. १९६२ साली त्यांनी यावर सामान्य लोकांसाठी पुस्तक लिहिलं. त्याचं सार चार पायऱ्यांत येतं : सामोरं जा, स्वीकार, तरंगत राहा, वेळ जाऊ दे. ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांनी आपली भाषणं रेकॉर्डवर आणि कॅसेटवर ध्वनिमुद्रित केली. दवाखान्यापर्यंत येऊ न शकणाऱ्या माणसाच्या घरी निदान आवाज तरी जावा.

मला त्यातला सैनिक मित्र सर्वांत आवडला. तो वैद्य नव्हता. त्याच्याकडे फक्त स्वतःचा अनुभव होता. अक्कांकडेही तेवढाच होता. त्या जेव्हा "लाइट लो अम्मा" म्हणायच्या, तेव्हा मला राग येत नसे. शब्द भावाचेच होते, पण त्या ते जड ओझं उचलून आलेल्या होत्या.

तिसरा आम्हाला आपोआप मिळाला. केपीएचबीमध्ये मुलांची हॉस्टेलं भरपूर. त्यातलाच एक लातूरचा मुलगा, कोर्स करायला आलेला. मेट्रोच्या जिन्याखाली कपाळाला घाम, हात कठड्याला घट्ट. मी मराठीत फोनवर बोलतेय हे ऐकून त्याने विचारलं, "ताई, पाणी आहे का?" पुढचं मला सांगावं लागलं नाही. मी त्याला म्हटलं, "आपण इथेच उभे राहू. मलाही वर जायचंय आणि मलाही भीती वाटतेय." तो इतका चकित झाला, की त्यातच त्याची धडधड कमी झाली!

मग आम्ही तिघं दर रविवारी सकाळी भेटू लागलो. नाव-गाव काही ठेवलं नाही. तीन गोष्टी मात्र ठरवल्या. "काही होत नाही" असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, कारण होतंच असतं. कुणाला ओढून न्यायचं नाही. आणि गोळ्या-औषधांवर सल्ला द्यायचा नाही, ते डॉक्टरांचं काम.

खांब संपले आणि स्टेशनं सुरू झाली. केपीएचबी कॉलनी ते कुकटपल्ली, एक स्टेशन. उतरायचं, बाकावर बसायचं, परतायचं. मग बालानगर, मूसापेट. भरतनगरला खाली एमएमटीएसचे रूळ दिसले, तेव्हा मी पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. पुढचं स्टेशन एर्रगड्डा. ते आलं की आधी मी मान खाली घालत असे. त्या दिवशी अक्कांनी बोट दाखवून मोठ्याने सांगितलं, "वो देखो, दवाखाना." दवाखाना. बस, एवढंच. जिथे माणसं बरी व्हायला जातात.

सरळ चढतच गेले असं नाही. अमीरपेटला दोन मार्गिका एकत्र येतात, क्लासला जाणाऱ्या मुलांचा लोंढा असतो. तिथे एकदा मी इतकी घाबरले, की पुढचे तीन आठवडे पुन्हा फाटकाशीच. वहीत १० लिहिलेलं आहे. लातूरकराने मेसेज केला, "ताई, उद्या एक खांब?" मी गेले. एक खांब.

मला जायचं कोठीला होतं. आजी तिथे काकांकडे राहते. वय त्र्याऐंशी, जांबागच्या विवेक वर्धिनीत शिकलेली, निजामाच्या काळच्या गोष्टी सांगणारी. गुडघ्यांमुळे ती आमच्याकडे येऊ शकत नव्हती आणि मी तिच्याकडे जात नव्हते. अकरा महिने. फोनवर ती विचारायची, "काम फार असतं का गं?" मी हो म्हणायचे. त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. सगळे दवाखान्यात जाऊन आले, मी सोडून. ती बरी होऊन घरी आली, पण त्या चार रात्री मी विसरलेले नाही. भीतीने माझ्याकडून काय काय घेतलं, त्याचा खरा आकडा मला तेव्हा कळला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी निघाले. केपीएचबीपासून उस्मानिया मेडिकल कॉलेज सोळावं स्टेशन, गाडी बदलायची नाही. अक्का अमीरपेटपर्यंत आल्या आणि ठरल्याप्रमाणे उतरल्या. दार बंद झालं. पंजागुट्ट्याच्या आसपास छाती सुरू झाली. मी मनात म्हटलं, ये बाई, बस शेजारी. पुढचं स्टेशन येईपर्यंत थांब. खैरताबाद, लकडी-का-पूल, असेंब्ली. नामपल्लीला एक कुटुंब पिशव्या घेऊन चढलं, नुमाइशमधून खरेदी करून आलेलं. लहानपणी आजीच मला नुमाइश दाखवायला न्यायची, आणि हरवू नये म्हणून पदराचं टोक माझ्या मुठीत द्यायची. गांधी भवन येईपर्यंत धडधड कधी उतरली ते कळलं नाही.

आजीला मी त्या दिवशी खरं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझे आजोबा एक वर्ष गच्चीवर जात नव्हते. आम्ही म्हणायचो, स्वभाव आहे. आम्हाला काय माहीत गं. विचारायला हवं होतं." आणि मग तिचं नेहमीचं, "जेवून जायचं."

आजही गर्दीत कधीकधी पोटात गोळा येतो. वहीत ३ लिहिते, कधी ४. रैतू बझारातून आंबाडी मीच आणते. लातूरकराला पुण्यात नोकरी लागली. तो याच रस्त्याने, बसने, एकटा गेला. उमरग्याहून त्याचा मेसेज आला : "भीती ५. बस चालू आहे."

तुमच्या घरात कुणी अचानक 'काम फार आहे' म्हणत लग्नकार्य, बाजार, प्रवास टाळायला लागलं असेल, तर रागावण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा. डॉक्टरांना दाखवा. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आणि ते माणूस तुम्ही स्वतः असाल, तर आज निदान फाटकापर्यंत या. निदानंगा.