बिबळ्याची हाक

परवां भिवंडीस धामणकर नाक्यावरून जात असतां करवतीची घरघर कानीं पडली आणि आम्हांस आमच्या आजोबांचें स्मरण झालें. बिबळ्याची हाक हुबेहूब तशीच! तुंगारेश्वराच्या रानांत तोच आवाज घशांतून काढून आपण एक बिबळ्या बोलावला व गोळीनें पाडला, असें ते अभिमानानें सांगत. माग ओळखण्यास त्यांनींच आम्हांस शिकविलें. कुत्र्याच्या पावलांत नखें उमटतात. बिबळ्या चालतांना तीं आंत ओढून घेतो.

जिम कॉर्बेट यांनीं १९३८ सालीं कुमाऊंतील ठाकची वाघीण अशाच हाकेनें बोलावून मारली. पण ती नरभक्षक होती. आजोबांच्या बिबळ्याचा अपराध कोणता? कोणी स्वजातीय साद घालीत आहे, एवढ्या विश्वासावर तो बिचारा आला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ही शिकार थांबली, हें योग्यच झालें. आतां बिबळ्याची आवई उठली कीं वनखात्याचे लोक माग पाहतात, तो मारण्यासाठीं नव्हे. आजोबांची ती विद्या आम्हीं नातवंडांस दिली आहे. हाक मात्र आमच्यापाशींच राहूं द्यावी, असें वाटतें.