ताई, पोराला घेऊन ये. पण तू बाहेर बस

प्रिय ताई,

धाकट्याला ठाण्यातून नोटीस आली, रेती भरलेला ट्रॅक्टर जप्त झाला आणि तू घाबरलीस. साहजिक आहे. पण घाबरलेलं घर पहिल्या आठ दिवसांत जे करून बसतं, ते पुढे वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं. म्हणून फोनवर न बोलता लिहितो आहे. नाव-गाव काढून हे पत्र छापायलाही देणार आहे, कारण तुमसर-मोहाडीपासून पवनीपर्यंत वैनगंगेच्या काठाने अशी नोटीस आलेली घरं पुष्कळ आहेत.

आधी नोटिशीचं. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची आहे. १ जुलै २०२४च्या आधी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, हेच कलम ४१-अ होतं. तिचा अर्थ अटक नाही, चौकशीला हजर राहा एवढाच. रेतीचोरीला न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं, त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमारच्या निकालात बजावलं आहे. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहून ठेवावं लागतं. हे संरक्षण नोटीस पाळली तरच. तू विचारलंस, ‘त्याला बालाघाटला आत्याकडे पाठवून देऊ का?’ अजिबात नको. तारखेला गैरहजर राहिला की तो फरार म्हणून कागदावर येतो, आणि मग मी काय सांगायचं कोर्टाला? शेजारच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली म्हणालीस. तशी बजावणी चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जानेवारी २०२५चा आहे. तरी त्याने ती पुसून टाकू नये, वकिलाला दाखवावी.

आता मुख्य गोष्ट. धाकट्याने मला सगळं खरं सांगायला हवं. ट्रॅक्टर कोणाचा, रेती कोणत्या घाटावरून भरली, पास होता की नव्हता, मागे कोण होतं, पैसे कोणी दिले, आधी किती खेपा झाल्या. त्यातलं वाईटही. विशेषतः वाईट. कारण सरकारी वकिलाला ते माहीत असेल आणि मला नसेल, तर भर कोर्टात मी तोंडघशी पडतो आणि शिक्षा त्याला होते. पण हे तो मला एकटा सांगेल. तू बाहेर बाकावर बसायचं. रागावू नकोस. त्याने वकिलाला सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय माझ्या तोंडून कोणी काढू शकत नाही. साक्ष अधिनियमाचं कलम १३२ तसं म्हणतं. आईला तसं संरक्षण नाही. त्याने तुला काय सांगितलं, हे उद्या तुला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात विचारता येतं. आईला खोटं बोलावं लागू नये आणि खरं बोलून पोरगा अडकू नये, असं वाटत असेल तर तू त्याला काही विचारूच नकोस. फक्त जेवू घाल.

ही गुप्तता झालेल्या गोष्टींपुरती आहे. ‘अमक्याला साक्षीदार म्हणून उभा करू, तो त्या दिवशी घरी होता असं सांगेल’ असलं काही माझ्याकडे आणू नका. पुढच्या लबाडीला हे कलम झाकत नाही, आणि मीही झाकणार नाही.

ठाण्यात काय बोलायचं? नाव, पत्ता, कामधंदा खरा सांगायचा, नम्रपणे. स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला संविधानाच्या कलम २०(३)ने त्याला बांधलेलं नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही हे खरं, पण त्याच बोलण्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, हे पोट्ट्यांना कोणी सांगत नाही. बयानावर सही घेण्याची तरतूद कायद्यात नाही. कोऱ्या कागदावर तर सही कधीच नाही. पंचनाम्यावर सही मागितली तर आधी पूर्ण वाचायचा, वेळ आणि जागा चुकीची असेल तर तिथेच बोलायचं. आणि आवाज चढवायचा नाही. तलाठ्याच्या किंवा शिपायाच्या अंगावर धावून गेलं की शासकीय कामात अडथळ्याचं अजामीनपात्र कलम वाढतं. रेतीची किती प्रकरणं अशी एका धक्क्याने जड झालेली मी पाहिली आहेत.

समजा अटक झालीच. तर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. अटकेची कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्याच राज्यातल्या मिहीर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. तो कागद मिळाला की त्याचा फोटो मला लगेच पाठव.

त्याच्या मोबाईलमधलं काहीही पुसू देऊ नकोस. पुसलेलं परत काढता येतं, आणि पुसलं हाच मग त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो. स्टेटस ठेवणं, गावच्या ग्रुपवर सफाई देणं, तक्रार करणाऱ्याच्या घरी ‘समजवायला’ जाणं बंद. ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर ‘साहेबांशी बोलून देतो, वीस हजार लागतील’ म्हणणारा माणूस भेटेलच. त्याला एक रुपया द्यायचा नाही. पैसे मागणारा खरंच सरकारी माणूस असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. आणि वकिलाला फी दिली तर पावती मागायची, मलासुद्धा.

ट्रॅक्टरची दोन प्रकरणं चालतील. तहसीलदाराचा दंड वेगळा, पोलिसांचा गुन्हा वेगळा. तहसीलात दंड भरला म्हणजे गुन्हा मिटला, हा समज चुकीचा आहे. दोन्ही सोबत चालू शकतात, हे २०१४ सालीच ठरलं आहे. गाडी ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नये, योग्य हमी घेऊन सोडावी, असं २००२च्या सुंदरभाई देसाई निकालात म्हटलं आहे. सुपूर्दनाम्याचा अर्ज आपण लवकरच करू.

कोणी त्याला सांगेल, ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ मला हाच सल्ला सगळ्यांत घातक वाटतो. तो पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि चारित्र्य पडताळणीत ती समोर येते. दुसरीकडे, गुन्हा दाखल झाला हे भरतीच्या फॉर्ममध्ये लपवायचंही नाही. २०१६च्या अवतार सिंग निकालात न्यायालयाने खरी आणि पूर्ण माहिती देण्यावरच भर दिला आहे. साधं प्रकरण असेल तर वाट निघते, लपवलं तर ते लपवणंच नोकरीच्या आड येतं.

दोषारोपपत्र आलं की सगळी कागदपत्रं फुकट मिळण्याचा त्याला हक्क आहे. ती त्याने स्वतः वाचायची, पानापानावर खूण करायची. नाशिकमधल्या २००३च्या एका प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा माणसांना फाशीची शिक्षा झाली होती. प्रत्यक्षदर्शीने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून दुसरीच चार माणसं ओळखली होती. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. मधली सोळा वर्षं कोणी परत दिली नाहीत. कागद वाचायला सांगतो तो यासाठी.

प्रत्येक पेशीला हजर राहायचं. ताप असेल तर आदल्या संध्याकाळी मला कळवायचं, गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो. न सांगता राहिला तर वॉरंट निघतं.

हे पत्र वाचणाऱ्या ज्या बहिणीला वकील भाऊ नाही, तिने भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात जावं किंवा १५१०० लावावा. बाईमाणूस, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोक अभिरक्षक म्हणून नेमलेले वकील तिथे फौजदारी प्रकरणंच चालवतात. फुकट आहेत म्हणून त्यांना भेटायचा कंटाळा करू नये. कागद घेऊन पुन्हा पुन्हा जावं.

तू सोमवारी साडेदहाच्या आत त्याला घेऊन ये. मूळ नोटीस, एफआयआरची प्रत, दोघांचं आधार, ट्रॅक्टरचं आरसी बुक, असेल तर रेतीचा वाहतूक पास आण. जमानतदार म्हणून दाजींचा चालू सातबारा लागेल, तलाठ्याकडून आजच काढायला सांग. ऐपतीच्या दाखल्याचा अर्ज तहसीलात टाकून ठेव. आणि तोपर्यंत कोणी काही विचारलं तर एकच उत्तर दे: ‘वकिलाला विचारा.’

तुझा भाऊ