फॅमिली फ्रेंडली समुद्र

कुठल्याही जाहिरातीत ‘फॅमिली फ्रेंडली’ असं लिहिलेलं दिसलं की माझ्यातला टेस्टर जागा होतो. नक्की कुठल्या फॅमिलीवर टेस्ट केलंय बाबांनो? तिथल्या फोटोत नेहमी एक उंच बाप, एक हसरी आई आणि दोन सोनेरी केसांची पोरं असतात. चौघंही बहुधा रांगायच्या आधी पोहायला शिकलेली. आमची फॅमिली म्हणजे एकजात कॉर्नर केसेस!

आधी पात्रपरिचय. बाबा, वय ६१, मूळचे वाईचे. पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललेले, त्यामुळे ‘पोहणं’ या विषयात स्वतःला पीएचडी समजणारे. मिशी भरघोस, बीपीची गोळी रोज एक. आई, वय ५७, माहेर रत्नागिरी, भाट्याच्या समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पण तिच्या आयुष्यातला समुद्र घोट्यापर्यंतचा. फार तर पोटरीपर्यंत, तेही साडी वर धरून. तिचे भाऊ पोहायला शिकले, ती नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "कोणी शिकवलं नाही, मीही विचारलं नाही." आणि तिसरी मी, कॉलेजात असताना टिळक टँकवर दोन महिने काढून जेमतेम तरंगणारी.

दोघं पुण्याहून माझ्याकडे बे एरियात तीन महिन्यांसाठी आले होते. ग्रँड कॅन्यन आणि लास व्हेगस हा ठरलेला ‘आईबाबा पॅकेज टूर’ मला करायचा नव्हता. म्हणून फेब्रुवारीत चार दिवस सुट्टी टाकली आणि हवाईमधल्या माउई बेटाची तिकिटं काढली. पाच-साडेपाच तासांचं विमान. तिथे काय करायचं तर कॅटमरानमधून मोलोकिनीला जायचं आणि स्नॉर्केलिंग करायचं.

कॅटमरान म्हणजे दोन सांगाडे शेजारी शेजारी ठेवून वर एकच डेक टाकलेली बोट. रुंदी भरपूर, त्यामुळे एका सांगाड्याच्या बोटीसारखी डावी-उजवीकडे कलंडत नाही. पुढच्या बाजूला दोन सांगाड्यांमध्ये जाळं ताणलेलं असतं, त्यावर लोळता येतं आणि खालून लाटांचे फवारे बसतात. शब्द मात्र आपल्याकडचा, तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेले ओंडके. इंग्रजांनी तो नेला आणि दोन सांगाड्यांच्या बोटीला चिकटवला. पॅसिफिकमधल्या बेटांवरचे लोक अशा जोडहोड्या त्याच्या कितीतरी आधीपासून बांधत होते. ‘होकुलेआ’ नावाची तशी एक होडी हवाईत १९७५ मध्ये बांधली आणि १९७६ मध्ये ती कुठलंही यंत्र न वापरता, नुसत्या ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधारानं ताहितीपर्यंत नेली. माऊ पियाइलुग नावाचा मायक्रोनेशियातला नावाडी वाट दाखवायला होता. हे सगळं मी विमानात बाबांना ऐकवलं. बाबा म्हणाले, "कोळ्यांना विचार, त्यांना पण जीपीएस लागत नाही." असो.

खरी तयारी कपड्यांपासून सुरू झाली. आईला स्विमसूट या शब्दानंच घाम फुटला. शेवटी पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड आणि घोट्यापर्यंतची लेगिंग असा तह झाला. "लोक काय म्हणतील?" "आई, तिथे आपल्याला ओळखणारं कुत्रंसुद्धा नाहीये." "तुझे बाबा आहेत ना!" यावर मी काय बोलणार? :-)

दुसरी भानगड सनस्क्रीनची. काही रसायनं प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला हवाई राज्यात १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. माउईत तर ऑक्टोबर २०२२ पासून फक्त खनिजवाली, म्हणजे झिंक किंवा टायटॅनियमचीच चालतात. ती पांढरी फटक असतात आणि चोळून चोळून जिरत नाहीत. सकाळी साडेसहाला माआलाएआच्या धक्क्यावर आम्ही तिघं उभे होतो ते दशावतारातल्या कलाकारांसारखे दिसत होतो. इतक्या सकाळी का, तर दुपारकडे तिथे व्यापारी वारे जोर धरतात आणि समुद्र खवळतो, म्हणून शहाण्या बोटी लवकर जाऊन लवकर परततात.

बोटीवर चढायच्या आधी एक फॉर्म भरायचा असतो. हृदयविकार आहे का, दमा आहे का, रक्तदाब आहे का. बाबांनी सगळीकडे भराभर ‘नो’ वर टिक मारत आणली आणि रक्तदाबाशीही पेन थांबलं नाही.

"बाबा, तिथे येस."

"अगं गोळी घेतो ना मी? मग कुठाय बीपी? कंट्रोलमध्ये आहे."

आता इथे थोडं थांबून सांगते. मी हे आधी वाचून गेले होते. हवाईत समुद्रात बुडणाऱ्या पर्यटकांमध्ये सगळ्यात जास्त लोक स्नॉर्केलिंग करत असतात. सर्फिंग नाही, स्कूबा नाही, हे शांत, पोरासोरांचं वाटणारं स्नॉर्केलिंग! त्यातले बरेच पन्नाशी-साठीचे पुरुष, आणि पोहता येणारे. यावर तिथे अभ्यासही झालाय. त्यांचं म्हणणं असं की बरेचदा माणूस पाणी गिळून बुडतच नाही. नळीतून श्वास ओढताना फुप्फुसांवर ताण येतो, त्यात हृदय जरा कमजोर असेल तर फुप्फुसात आतल्याआत पाणी भरायला लागतं. दम लागतो, हातपाय गळतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला माणूस निवांत तरंगताना दिसतो. लांबच्या विमानप्रवासानंतर काही दिवस थांबावं असाही सल्ला देतात, म्हणून ही ट्रिप मी मुद्दाम तिसऱ्या दिवशी ठेवली होती. पुण्याच्या डॉक्टरांनाही फोन केला होता. ते म्हणाले, जाऊ द्या, पण तरंगायला काहीतरी धरून आणि दम लागला की लगेच बाहेर.

हे सगळं बाबांना सांगून झालं होतं, पण वाईच्या विहिरीपुढे अभ्यास-बिभ्यास काय टिकणार? शेवटी आई बोलली. "अहो, त्या पोरांना माहीत नको का कोणाकडे लक्ष ठेवायचं ते? लिहा की खरं." आवाज चढवला नाही, काही नाही. बाबांनी ‘नो’ खोडून ‘येस’ केलं आणि पेन माझ्या हातात असं दिलं जणू राजीनाम्यावर सही केली.

मोलोकिनी म्हणजे एका ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड. माउईच्या दक्षिण किनाऱ्यापासून चारेक किलोमीटरवर चंद्रकोरीसारखी एक कडा तेवढी पाण्याबाहेर दिसते. त्या कोरीच्या आत पाणी शांत आणि इतकं नितळ की तळ हाताला लागेल असं वाटतं. १९७७ पासून हे संरक्षित क्षेत्र आहे. मासे पकडायचे नाहीत, नांगर टाकायचा नाही, कायम बसवलेल्या बोयाला दोर बांधायचा. बेटावर उतरायचंही नाही, ते पक्ष्यांचं. आणि याच जागेवर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदल तोफांचा नेमबाजीचा सराव करत होतं! शेजारच्या काहोओलावे बेटावर तर बॉम्बफेकीचा सराव १९९० पर्यंत चालू होता.

बोटीवरच्या एका पोरानं सगळ्या सूचना दिल्या. जोडीनं राहा. प्रवाळावर उभं राहू नका. बोटीवरून विचारलं की ठीक असाल तर मूठ डोक्यावर ठेवा. हात वर करून हलवला तर आम्ही समजणार की मदत पाहिजे. त्या वेळी बाबा मिशीला व्हॅसलीन लावत होते. मिशीमुळे मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि खालून पाणी शिरतं. उपाय दोनच, व्हॅसलीन नाहीतर वस्तरा. दुसरा पर्याय सुचवायची हिंमत कोणी केली नाही.

पाणी थंड होतं, चोवीसेक डिग्री. आई शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाच मिनिटं उभी होती. मागे रांग. मला ओशाळल्यासारखं होत होतं, पण बोटीवरची मुलगी (कॉलेजातली वाटत होती) म्हणाली, "टेक युवर टाइम, आंटी." हे आंटी ती कुठे शिकली देव जाणे! तिनं आईला आधी पायरीवर बसूनच तोंड पाण्यात घालायला लावलं. नुसता श्वास. आत, बाहेर. दहा वेळा. मग एक मोठी रिंग दिली, ती मी एका बाजूनं धरली, आईनं दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही निघालो.

आणि आईला ते जमलं हो! चक्क जमलं. मागाहून विचार केला तेव्हा कळलं की तिला न जमण्याचं काही कारणच नव्हतं. स्नॉर्केलिंगमध्ये पोहण्याला फार काम नाही, श्वासाला आहे. सोडलेली थोडी हवा नळीत उरते आणि पुढच्या श्वासाबरोबर तीच परत आत येते. भराभर, उथळ श्वास घेतले तर शिळी हवाच आत-बाहेर होत राहते आणि आणखी दम लागतो. सावकाश, खोल श्वास घेतला तर काही होत नाही. आईला पोहायच्या कसल्याच सवयी नव्हत्या, तिनं सांगितलं तेवढंच केलं. पोहणाऱ्याचं उलटं असतं. तो श्वास रोखतो, हातपाय मारतो, डोकं वर काढतो.

बाबांनी शिडी वापरलीच नाही. बाजूनं उडी मारली आणि आम्ही हाका मारेपर्यंत तीस-चाळीस मीटर पुढे.

पाण्याखाली पिवळेधमक मासे होते, काळ्या पट्ट्यांचे होते, आणि तो सुप्रसिद्ध हुमुहुमुनुकुनुकुआपुआआही होता. हा हवाईचा राज्यमासा. नावाचा अर्थ साधारण डुकरासारखं थोबाड असलेला. पॅरटफिश तर प्रवाळ कुरतडत होते आणि त्याचा कुरकुर आवाज चक्क ऐकू येत होता. ते प्रवाळ खातात आणि वाळू बाहेर टाकतात, तिथल्या पांढऱ्या किनाऱ्यांमध्ये त्यांचा मोठा वाटा आहे. मग आईनं माझा हात दाबला. मला वाटलं घाबरली. डोकं वर काढून म्हणाली, "ऐक. कोणीतरी घागर फुंकतंय."

मी कान पाण्यात घातले. लांबून, खोलवरून, घुमल्यासारखा आवाज. हंपबॅक देवमासे! हिवाळ्यात ते अलास्काकडून इथे येतात आणि नर गातात. माझ्या डोक्यात आलेली उपमा सिंथेसायझरची होती, पण नवरात्रात महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात तोच आवाज तो. आईचंच बरोबर.

त्याच वेळी वर पाहिलं तर बाबा लांब थांबलेले. मास्क कपाळावर, पाणी तुडवत. मी ओरडले, "बाबा, बरे आहात ना?" त्यांनी हात उंच करून हलवला. आपल्याकडे याचा अर्थ ‘बरा आहे, चालू दे तुमचं.’

बोटीवरच्या मुलीच्या भाषेत अर्थ वेगळा. ती पॅडलबोर्डवर होतीच, दहा-बारा वल्ह्यांत बाबांपाशी पोचली. बाबा "नो नो, फाइन, फाइन" म्हणत होते ते आम्हाला ऐकू आलं. तिनं वाद घातला नाही. नुसतं बोर्ड पुढे केलं आणि धरायला सांगितलं. आणि बाबांनी धरलं. दोन्ही हातांनी. ते मला आवडलं नाही. माझे बाबा कुणाचं काही दोन्ही हातांनी धरत नाहीत.

बोटीवर आलो तेव्हा ते टॉवेल गुंडाळून बसले होते. ओठ जरा निळसर, श्वास अजून मोठा. क्रूमधल्या एकानं नाडी बघितली, ऑक्सिजन सिलिंडर शेजारी आणून ठेवला आणि खोकला येतोय का विचारलं. लागला नाही तो. दहा मिनिटांत रंग परत आला. "मास्कमध्ये पाणी गेलं, बाकी काही नाही," बाबा मला म्हणाले. "थर्ड क्लास क्वालिटी." मी बरं म्हटलं. आईनं पिशवीतून आलेपाक काढून दिला, तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. जेवणात चिकन आणि व्हेज बर्गर होते, आमच्याकडे दशम्या आणि लिंबाचं लोणचं. शेजारच्या टेक्सासच्या आजोबांनी तीन दशम्या संपवल्या.

परतताना देवमाशाची शेपटी दिसली, सगळी बोट एका बाजूला धावली. कॅप्टननं इंजिन मंद केलं, शंभर यार्डांच्या आत जायचं नाही असा नियम आहे तिथे. बाबा उठले नाहीत. बसल्या जागेवरून बघत होते.

रात्री हॉटेलच्या बाल्कनीचं दार उघडं होतं. मी आत झोपलेय असं समजून बाबा आईला सांगत होते, "छातीवर कोणी बसल्यासारखं झालं गं. हात वर केला तो... मलाच कळलं नाही कशासाठी केला." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुण्याला गेलं की आधी स्ट्रेस टेस्ट." बाबा "हूं" म्हणाले. इतक्या पटकन ‘हूं’ मी त्यांच्याकडून आयुष्यात ऐकलेला नाही.

ती टेस्ट एप्रिलमध्ये झाली. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली, एक बदलली, आणि सध्या खोल पाण्यात जायचं नाही म्हणून सांगितलंय. आईनं मात्र सकाळची लेडीज बॅच लावली आहे, तोच रॅश गार्ड आणि तीच लेगिंग घालून. बाबा तिला स्कूटरवर सोडतात आणि बाहेर बाकावर पेपर वाचत बसतात. परवा फोनवर सांगत होते, "हात अजून चुकीचा मारते. पण श्वास बरोबर घेते, मी बघितलं."