मोराची मान

लॅबमधून आठ बाय बाराची प्रिंट आली तेव्हा मोराची मान सपाट होती. घरच्या स्क्रीनवर मानेवरची पिसं खवल्यांसारखी एकावर एक दिसत होती, मानेच्या वळणाबरोबर निळ्यातून हिरवी झाक सरकत होती. कागदावर मात्र दाराला ऑइल पेंटचा हात मारावा तसा एकसलग निळा पट्टा. मी प्रिंट घेऊन परत गेलो आणि रंग बिघडलाय म्हणून तक्रार केली. काउंटरवरच्या मुलाने वाद घातला नाही. तीच फाइल दुसऱ्या कागदावर काढून दिली. मान तशीच निघाली. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून हिस्टोग्राम दाखवला. निळ्या रंगाचा आलेख उजव्या टोकाला जाऊन उभा चिकटलेला, लाल रंगाचा डाव्या टोकाला. "साहेब, मानेत काही उरलेलंच नाही. कागद कुठून आणणार?"

दोष माझा होता. लॅबमध्येच मी त्याची माफी मागितली.

गेली 19 वर्षं मी रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मशीनवरून आलेले सुटे भाग तपासायचे, हे काम. भोकाचं माप बघायला प्लग गेज असतं. त्याची 'गो' बाजू भोकात गेली पाहिजे आणि 'नो-गो' बाजू अडली पाहिजे. टेबलावर तीन ट्रे: हिरवा पासचा, पिवळा रीवर्कचा, लाल स्क्रॅपचा. दुसऱ्याने केलेल्या मालावर मी दिवसभर निर्णय देतो आणि हात थांबत नाही. स्वतःच्या फोटोंना गेज नाही. तिथे मला निर्णय द्यायला शिकावं लागलं, आणि ते शिक्षण या मानेपासून सुरू झालं.

मोर आमच्या शिरूर तालुक्यातलेच, मोराच्या चिंचोलीचे. कान्हूर मेसाईच्या बाजूला हे गाव आहे. गावाच्या नावात मोर आहे तशी चिंचही आहे, आणि दोन्ही अजून तिथे आहेत. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, नर पिसारा फुलवतात. त्यानंतर पिसं गळून पडतात आणि मोर बोडका दिसतो. म्हणजे वर्षातले चारच महिने, त्यातही सकाळचे दोन तास, आणि आभाळ बहुधा भरलेलं. पूर्वी मी अंधारातच गाडी लावून उसाच्या कडेने चालत जायचो. आता बिबट्यांमुळे गावकरीच तसं जाऊ देत नाहीत. उजाडल्यावर, वस्तीवरच्या कुणाला तरी सोबत घेऊन जातो.

मान का बिघडली हे समजून घ्यायला मला महिना लागला. मोराच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसातलं द्रव्य काळपट-तपकिरी. त्याचे सूक्ष्म कण ठरावीक अंतरावर रचलेले असतात, आणि त्या रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशातून निळा-हिरवा तयार होतो. रॉबर्ट हुक यांनी 1665 सालच्या 'मायक्रोग्राफिया'त मोरपिसाची तपासणी केली, तेव्हा पीस पाण्याने ओलं केलं की ते रंग नाहीसे होतात हेही नोंदवलं. रंग रचनेतून येतो म्हणून तो कोनागणिक बदलतो, आणि ऐन कोनात आला की इतका गडद होतो की साध्या जेपेग फाइलच्या रंगपेटीत मावत नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या मागे जो पांढरा हिस्टोग्राम दिसायचा तो अगदी मधोमध, निर्धास्त. निळ्याचा वेगळा आलेख उघडून बघायची मला सवयच नव्हती. घरी येऊन वर मी सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढली, कारण डोळ्यांनी पाहिलेला निळा मला परत हवा होता. जे आधीच काठोकाठ होतं त्यात मी आणखी ओतलं.

आता उलटं करतो. मोर जवळ असला की एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घेतो, रॉमध्येच काढतो आणि तीन रंगांचे आलेख वेगवेगळे बघतो. घरी निळ्याचं सॅच्युरेशन कमी करतो. हे सांगितलं की सोबतचे छंदी लोक चमकतात. पण रंग जरा उतरवला की मानेवरची पिसं परत सुटी होतात, कडा दिसू लागतात. आणि पिसं सुटी दिसली की डोळ्याला मान आधीपेक्षा जास्त निळी वाटते. विश्वास बसत नसेल तर एकाच फाइलच्या दोन छोट्या प्रिंट काढून शेजारी ठेवा. स्क्रीनचा उजेडही मी निम्म्यावर आणलाय. स्क्रीन स्वतः पेटलेली असते, कागद खोलीतल्या उजेडावर जगतो. भगभगीत स्क्रीनवर ठरवलेला फोटो कागदावर काळवंडणारच.

रीवर्कचा एक नियम मी कारखान्यातून जसाच्या तसा उचलला. भोक मापापेक्षा लहान राहिलं असेल तर पिवळा ट्रे: रीमर फिरवून ते मोठं करता येतं. भोक मोठं झालं असेल तर लाल ट्रे, कारण निघून गेलेला धातू परत भरता येत नाही. रॉ फाइलचं असंच आहे. काळोखात राहिलेलं बरंचसं वर काढता येतं, थोडी रवाळ जाळी येते एवढंच. पांढरं होऊन जळलेलं मात्र गेलं. चिंचेच्या पानांतून दिसणारं जळलेलं आभाळ वाचवण्यात मी संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्या आहेत, आणि दर वेळी तिथे राखी रंगाचा मेलेला डाग मिळाला. आता असा फोटो उघडला की पहिल्या मिनिटात लाल ट्रे.

तांत्रिक दोष असे पकडता येतात. जो फोटो सगळ्या मापांत बसतो आणि तरी त्यात काही नाही, तो पकडणं फार अवघड. माझा नाचाचा फोटो असा होता. चार पहाटा गेल्या, तेव्हा मोराने समोर तोंड करून पूर्ण पिसारा उघडला. शटर एक हजारांश सेकंद, प्रत्येक पीस कोरल्यासारखं. वर्षभर तो माझा सर्वांत चांगला फोटो होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवायचो आणि दाखवताना त्या चार पहाटांची गोष्टही सांगायचो. एकदा मी स्वयंपाकघरात चहा बघत होतो आणि मेहुण्याने तो एकट्यानेच पाहिला. म्हणाला, "कॅलेंडरवरचा घेतलास का?" त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, तो खरंच विचारत होता. तेव्हा मला कळलं की इतके दिवस फोटोला माझी गोष्ट टेकू देत होती. चिखल, पावसाची भुरभुर, मोराचा आवाज, माझा थांबलेला श्वास, यातलं काहीही त्या चौकटीत नव्हतं. मी फोटो बघत नव्हतो, ती सकाळ आठवत होतो.

तेव्हापासून काढलेले फोटो मी सहा आठवडे उघडत नाही. कार्डावरून संगणकावर उतरवतो, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवतो आणि बंद करतो. सहा आठवड्यांत कोणता फोटो कष्टाचा होता हे विसरायला होतं. मग चार बाय सहाच्या स्वस्त प्रिंट काढून घरात फरशीवर मांडतो आणि उभ्यानेच बघतो, म्हणजे बारकाव्यांत अडकायला होत नाही. काही प्रिंट उलट्या फिरवतो. डोकं खाली, पाय वर असला की मोर मोर राहत नाही, फक्त काळ्या-पांढऱ्या वजनाची मांडणी राहते. कुठल्या कोपऱ्यातली चमक डोळा ओढून नेते ते लगेच दिसतं. प्लास्टिकचा ड्रम, ठिबकची नळी, विजेची तार, हे सगळं मला असं सापडलं. काढताना यातलं काहीच दिसलं नव्हतं.

नाचाच्याच सकाळची आणखी एक फ्रेम मी 'हललेली' म्हणून बाजूला सारली होती. उजेड कमी झाला होता, शटर एक साठांशावर उतरलं होतं. मोर नाचताना पिसारा नुसता धरून उभा राहत नाही, तो थरथरवतो, सेकंदाला सुमारे 25 वेळा. त्या थरथरीत पिसाऱ्यातले डोळे मात्र जवळजवळ जागच्या जागी तरंगल्यासारखे राहतात. अभ्यासकांनी हे मोजलेलं आहे, पण मला ते फरशीवरच्या त्या प्रिंटमध्ये प्रथम दिसलं. बाकी पिसारा धुरासारखा विरघळलेला आणि त्या धुरात डोळे बऱ्यापैकी ठाम. हजारांशाच्या फोटोत मोर पेंढा भरून ठेवल्यासारखा होता. साठांशाच्या फोटोत तो नाचत होता. माझं गेज चुकीचं होतं: 'सगळं धारदार म्हणजे पास'.

रॉबर्ट फ्रँक यांचं 'द अमेरिकन्स' हे पुस्तक छंदी माणसाने एकदा तरी चाळावं असं मला मनापासून वाटतं. 1955-56 मध्ये अमेरिकेत फिरून त्यांनी 767 रोल वापरले, म्हणजे 27 हजारांहून जास्त फ्रेम. पुस्तकात फोटो 83. त्यांनी कामापुरत्या हजारभर प्रिंट काढून भिंतीवर लावल्या आणि महिनोन्महिने त्या खालीवर केल्या. मला त्या 83 इतकाच आदर, न छापलेल्या हजारोंबद्दल वाटतो. त्यांत सुंदर फोटो नसतील असं कसं म्हणावं? ते बाजूला ठेवणं हे फोटो काढण्याचंच काम आहे, आणि ते करायला कॅमेरा हातात धरण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

अॅन्सेल अॅडम्स यांच्या चंद्रोदयाच्या फोटोने मला दुसरी गोष्ट दिली. हर्नांडेझ गावावरचा तो चंद्र त्यांनी 1941 मध्ये टिपला, पण त्याच निगेटिव्हच्या प्रिंट ते पुढची जवळजवळ चाळीस वर्षं काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळात ढगांचे फिकट पट्टे आहेत. नंतरनंतर ते जवळजवळ काळं होत गेलं. ते स्वतः पियानो शिकलेले होते; निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं ते मानत. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बंदिश तीच, यमन तोच, पण विशीतला आणि साठीतला गायक तो वेगळा गातो. म्हणून मी रॉ फाइल पुसत नाही. दर दिवाळीत जुन्या दहा फाइल नव्याने, आधीची प्रिंट न बघता तयार करतो. पाच वर्षांपूर्वीचे माझे फोटो आता मला ओरडल्यासारखे वाटतात.

या सगळ्यातून जो फोटो वर आला त्यात मोर दुय्यम आहे. ज्या वस्तीच्या अंगणात मी उभा राहायचो तिथल्या आजी सकाळी सुपातून ज्वारी टाकतात. मोराची वाट बघता बघता, कॅमेऱ्याचं मोजमाप लावायला म्हणून काढलेली ती फ्रेम. आजींचा हात पसरलेला, दाणे हवेत, एक लांडोर दाण्यांकडे न बघता आजींच्या पायाकडे बघतेय, मोराची फक्त मान कडेने आत आलेली. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांचे जे फोटो काढले त्यांत रंगमंचावरच्या आविष्काराइतकंच मागचं जगणं आहे. ते फोटो मी आधी पाहिलेले होते, तरी स्वतःच्या अंगणातल्या फ्रेमपाशी पोचायला मला दोन पावसाळे लागले. नाचाच्या मागे असताना दाणे टाकणारा हात मी लाल ट्रेमध्ये ठेवला होता.

तो फोटो मी मन लावून तयार केला. मानेचा निळा सांभाळला, दाण्यांवरचा उजेड थोडा उचलला, डावीकडचा काळा खोडाचा भाग कापून टाकला. तिथे काही घडत नव्हतं, आणि कापल्यावर आजी चौकटीच्या एक-तृतीयांशावर नेमक्या बसत होत्या. प्रिंट घेऊन चिंचोलीला गेलो. आजींनी ती पदराने पुसली आणि अंगणात उजेडाला धरली. बराच वेळ बघत राहिल्या.

"आन् आमची चिच कुटं गेली?"

मी कॅमेऱ्याबद्दल काहीतरी सांगू लागलो. त्यांनी ऐकलं नाही. त्या खोडाकडे बोट दाखवत होत्या: सासऱ्यांच्या आधीपासूनचं झाड, मोर रात्री त्यावरच बसतात, सकाळी तिथूनच खाली उतरतात. मी हातातल्या प्रिंटकडे आणि झाडाकडे आळीपाळीने बघितलं. मोराची मान चौकटीत नेमकी त्याच बाजूने येत होती. खोड कापल्यावर ती हवेतून आल्यासारखी झाली होती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

घरी येऊन मी कापलेला भाग परत आणला. रॉ फाइल होती म्हणून तो होता. आता आजी मधोमध आल्या आहेत, नियमाला सोडून. डावीकडे काळं खोड, खोडाआडून मान, मग लांडोर, मग हात. नजर झाडावरून उतरते आणि हातापाशी थांबते. फक्त खोडाचा काळा अजून फार दाट आहे, सालीच्या भेगा दिसत नाहीत. चिंचेची साल कशी खरखरीत असते ते कागदावर उमटायला हवं. सावली अर्ध्या स्टॉपने उचलून एक छोटी प्रिंट आज लॅबमध्ये दिली आहे. जमली तर मोठी काढून पुढच्या सुट्टीला आजींकडे घेऊन जाईन, आणि आधीची मागून आणीन.