अल्सासची चूल

सीमाभागातला माणूस प्रवासाला निघताना नकाशा उघडतो तो इतरांपेक्षा जरा वेगळ्या कारणासाठी. इतरांना गाव शोधायचे असते. आम्हाला आधी रेघ दिसते. ती कोणी ओढली, तिच्या अलीकडे कोण राहिले आणि पलीकडे कोण गेले, हे पाहिल्याशिवाय आमचे बोट पुढे सरकत नाही. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेनंतर आमच्याकडे जी पिढी जन्मली तिला ही खोड पाळण्यातच लागली. माझा जन्मही त्यानंतरचाच.

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे, जर्मनीतल्या कार्ल्सरूहला गेलो होतो. "बाबा, चार दिवस फ्रान्सला जाऊन येऊ या," असे ती म्हणाली तेव्हा मी नकाशाच मागितला. सौभाग्यवतींच्या मनात आयफेल टॉवर होता. जावईबापूंनी पॅरिसच्या हॉटेलांचे दर मोजून दाखवले आणि गाडी आपोआप अल्सासवर येऊन थांबली. एका बाजूला ऱ्हाईन नदी, दुसऱ्या बाजूला व्होझ पर्वताची रांग आणि मध्ये फ्रान्सच्या पूर्वेचा हा चिंचोळा पट्टा. सौभाग्यवती थोड्या हिरमुसल्या. मी मात्र मनातून हरखलो, कारण अल्सासला मी पुस्तकातून अनेकदा जाऊन आलो होतो.

आल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाची 'शेवटचा धडा' म्हणून ओळखली जाणारी कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. इंग्रजी भाषांतरातून ती आपल्याकडच्या बारावीच्या पुस्तकांतही आली. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, अल्सास जर्मनीकडे गेला आणि तिथल्या शाळांत यापुढे फक्त जर्मन शिकवावी असा हुकूम बर्लिनहून आला. त्या दिवशी फ्रेंचचा शेवटचा तास घेणारे हामेल गुरुजी आणि तो ऐकणारा फ्रान्झ नावाचा मुलगा, एवढीच ती गोष्ट. ती १८७३ च्या कथासंग्रहात आहे. गेली वीसेक वर्षे दहावीच्या निरोपाच्या आठवड्यात मी ही गोष्ट मराठीतून सांगत आलो आहे. सीमाभागातल्या शाळेत ती सांगताना वर्ग किती शांत होतो, हे मी इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तर आम्ही निघालो. ऱ्हाईनच्या अलीकडे केल हे जर्मन गाव आहे. तिथून चक्क ट्राम सुटते आणि पूल ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात जाते. २०१७ सालापासून ती धावते आहे. पूल आला तसा मी सवयीने खिशातल्या पासपोर्टला हात लावला. शेजारी एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, दोन मुले शाळेची दप्तरे घेऊन उभी होती. कोणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. ज्या नदीसाठी दोन देशांनी पंचाहत्तर वर्षांत तीन युद्धे केली, ती आम्ही मिनिटाभरात ओलांडली.

स्ट्रासबूर्गचे कॅथेड्रल व्होझच्या गुलाबी दगडाचे आहे. त्याचा १४२ मीटर उंचीचा मनोरा १४३९ साली पुरा झाला, आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. दुसरा मनोरा बांधायचा राहूनच गेला. नातीला त्यापेक्षा आतले खगोलीय घड्याळ आवडले. साडेबाराला येशूचे बारा शिष्य त्यातून एकामागून एक बाहेर येतात आणि वरचा कोंबडा आरवतो. आमची साडेतीन वर्षांची नात पुढचे दोन दिवस कोंबडाच झाली होती.

मला मात्र जुन्या पेठेतल्या पाट्यांनी थांबवले. रस्त्यांची नावे दोन भाषांत लिहिलेली. वर फ्रेंच, खाली दुसरी कोणती तरी. मुलीला वाटले जर्मन. पण वाचताना तिची जीभ अडखळू लागली. "बाबा, ही जर्मनसारखी आहे, पण जर्मन नाही." ती अल्सासची बोली होती. दोदेच्या गोष्टीत न आलेली ही तिसरी भाषा मला अशी भिंतीवर भेटली.

तिथून थोड्या अंतरावर प्रजासत्ताक चौकात १९३६ साली उभारलेले युद्धस्मारक आहे. शहीद सैनिकांच्या स्मारकात असते तसे इथे काहीच नाही. झेंडा नाही, बंदूक नाही. एक आई बसली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन मुलगे प्राण सोडत आहेत. अंगावर गणवेश नाहीत, कारण पहिल्या महायुद्धात अल्सासचे मुलगे बहुतांशी जर्मनीच्या बाजूने लढले, काही फ्रान्सच्या. मरताना त्या दोघांनी एकमेकांचा हात धरला आहे. फ्रान्समध्ये इतरत्र अशा स्मारकांवर 'फ्रान्ससाठी' असे शब्द सर्रास आढळतात. इथे 'आमच्या मृतांना' एवढेच कोरले आहे. सौभाग्यवती बराच वेळ तिथे उभ्या होत्या. आयफेल टॉवरचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

मुक्काम आम्ही कायझर्सबेर्गजवळच्या एका खेड्यात केला. आल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म कायझर्सबेर्गचा, १८७५ चा. शांततेचे नोबेल मिळवणारे आणि १९३५ साली भारतीय विचारपरंपरेवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिणारे हे डॉक्टर जन्माने जर्मन ठरले, ते केवळ चार वर्षांपूर्वी रेघ हलली म्हणून. सगळीकडे उतारावर द्राक्षांचे मळे, लाकडी चौकटींची रंगीत घरे आणि छपरांवर करकोच्यांची घरटी. हे करकोचे १९७० च्या दशकात बोटांवर मोजण्याइतके उरले होते. लोकांनी जपून पुन्हा वाढवले.

घरमालकीण ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. मुलीने आमची ओळख जर्मनमधून करून दिली. आजींनी उत्तर दिले त्यांच्या बोलीत. दोघींचे जमले. जमले म्हणजे काय, बेळगावात मराठी बाई आणि कानडी भाजीवाली यांचे जसे जमते, तसे.

आमच्या सौभाग्यवती शाकाहारी. फ्रान्समध्ये त्यांचे कसे होणार याची चिंता सर्वांनाच होती, कारण अल्सासचे नावाजलेले पदार्थ मांसाचे. आंबवलेल्या कोबीबरोबर डुकराचे मांस, ती शुक्रूत. आणि बेकेओफे म्हणजे तीन प्रकारचे मांस आणि बटाटे पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, मातीच्या भांड्याचे झाकण कणकेने लिंपून तासन्‌तास भाजलेले. सोमवार हा धुण्याचा दिवस. बायका हे भांडे सकाळी पाववाल्याच्या भट्टीत देऊन धुणे धुवायला जात, असे तिकडे सांगतात.

"आई मांस खात नाही," असे मुलीने भीत भीत सांगितले. आजी म्हणाल्या, "मग काय झालं? शुक्रवारी आम्हीही खात नव्हतो." आणि पदर खोचावा तशा अ‍ॅप्रन बांधून त्या कामाला लागल्या.

त्या रात्री ताटात आले ते बीबेलेसकेस. ताज्या दुधाचा पांढरा मऊ चक्का, त्यात लसूण, बारीक चिरलेला कांदा आणि हिरवी पात; बरोबर लोण्यात खरपूस परतलेले बटाटे. सौभाग्यवतींनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, हे तर आपलंच आहे. फोडणी तेवढी राहिली." मग त्यांनी पिशवीतून शेंगांच्या चटणीचा डबा काढला. आजींनी चिमूटभर चाखली, डोळ्यांत पाणी आले, आणि पुन्हा घेतली.

दुसऱ्या दिवशी अंगणातली लाकडाची भट्टी पेटली. तार्त फ्लांबे करायची होती. भाकरीहून पातळ लाटलेली कणीक, तिच्यावर साय आणि कांद्याचे काप. इतर लोक वर डुकराचे मांस घालतात. आमच्या वाट्याची तशीच. पूर्वी शेतकऱ्यांच्या घरी पाव भाजण्याआधी भट्टी किती तापली आहे हे अजमावायला ही टाकत. हे मुलीने भाषांतर करून सांगताच सौभाग्यवती हसल्या. "म्हणजे पहिला घावन!" तव्याचा अंदाज घ्यायला टाकलेला तो पहिला, वेडावाकडा घावन पोरांनी पळवायचा, हे आमच्याकडेही तसेच. भट्टीजवळ दोघी उभ्या राहिल्या आणि पुढचा अर्धा तास मुलगी तिथे नव्हती तरी दोघींचे बोलणे थांबले नाही. कोण कोणत्या भाषेत बोलत होते, मला सांगता येणार नाही.

जेवणानंतर आजी आपल्या घराविषयी बोलल्या. त्यांची पणजी १८६५ साली याच घरात जन्मली आणि १९४६ साली याच घरात गेली. घर सोडून कुठे गेली नाही, पण तिचे देश चार वेळा बदलले. जन्मली फ्रेंच. सहाव्या वर्षी जर्मन झाली. १९१८ मध्ये पुन्हा फ्रेंच. १९४० साली हिटलरचे सैन्य आले तेव्हा पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा जर्मन, आणि ऐंशीव्या वर्षी शेवटची फ्रेंच. त्या चार वर्षांत फ्रेंच बोलणे गुन्हा होता, फ्रेंच नावे बदलायला लावली, डोक्यावरची फ्रेंच पद्धतीची टोपीसुद्धा बंद. १९४२ पासून अल्सास आणि शेजारच्या मोझेलमधल्या सुमारे एक लाख तीस हजार तरुणांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात घातले. त्यांना फ्रेंचमध्ये 'आमच्या मनाविरुद्ध' अशा अर्थाचे नाव आहे. आजींचे वडील त्यांतले. रशियाच्या आघाडीवर गेले, कैदेत पडले, १९४५ च्या शरद ऋतूत परतले.

"आणि मग तुमची शाळा?" मी विचारले. शाळामास्तर दुसरे काय विचारणार?

त्या म्हणाल्या, "शाळेत फक्त फ्रेंच. मैदानावर आमची बोली बोललं तर शिक्षा. फ्रेंच बोलणं ऐटदार असतं, अशी जाहिरातच होती तेव्हा."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे हामेल गुरुजींच्या वर्गातला फ्रान्झ होता. नावच पाहा त्याचे, फ्रान्झ! तो घरी जाऊन आईला भूक लागली म्हणून सांगत असेल तर ते फ्रेंचमध्ये नसेलच; बहुतेक अल्सासी घरांत तेव्हा हीच बोली होती. गुरुजींचे दुःख खरेच होते आणि बर्लिनचा हुकूमही अन्यायाचाच. पण फळ्यावर या राजाची भाषा असो की त्या, ज्या भाषेत चूल पेटत होती तिला फळा कधी मिळालाच नाही. तरी ती चार राजवटी पुरून उरली.

"मग आता?" मी पुन्हा विचारले. "आता तर कोणी शिक्षा करत नाही. रस्त्यावर पाट्यासुद्धा आहेत."

आजींनी टेबलावरचे कण गोळा करता करता सांगितले, "माझ्या मुलाला कळते, पण बोलत नाही. नातवंडं लियोंला असतात. त्यांना कळतही नाही. कोणी बंदी घातली नाही हो. आम्हीच म्हटलं, मुलांना त्रास कशाला?"

हे मला भाषांतरित करून सांगताना मुलीचा आवाज किंचित खाली गेला.

आमच्या शाळेत आठवीच्या तीन तुकड्या होत्या, आता एक आहे. सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याच्या निकालाची वाट पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे. तो लढा आपल्या जागी. पण त्या दोन तुकड्या कोण्या सरकारी हुकुमाने रिकाम्या झाल्या नाहीत. त्या पालकांनी प्रेमाने, काळजीने, "पोरांना त्रास कशाला" म्हणून रिकाम्या केल्या. त्यांना दोष देणारा मी कोण? माझी स्वतःची मुलगी परदेशात संसार करते आहे, याचा मला अभिमानच आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी आजींनी कुगलॉफ केला. मनुका घातलेला, आंबवलेल्या पिठाचा, मधे भोक असलेल्या नक्षीच्या मातीच्या साच्यात भाजलेला गोड पाव. वरच्या प्रत्येक पाकळीवर एकेक बदाम. नात बदामांवर टपून बसली होती. आजींनी तिला बोलीत काही विचारले आणि पोरीने बालवाडीत शिकलेल्या जर्मनमध्ये टणटणीत उत्तर दिले. आजींनी तिला उचलून घेतले, गालाला गाल लावला. त्यांच्या घरात कित्येक वर्षांनी एवढ्या लहान तोंडातून त्यांच्या भाषेच्या जवळचा शब्द आला असेल. मला त्यांचा आनंद दिसत होता. त्याच वेळी आतून एक काटाही टोचत होता, की आमच्या घराची गोष्टही याच वाटेने निघाली आहे काय? तेवढ्यात नात माझ्याकडे धावत आली आणि बदाम दाखवून म्हणाली, "आजोबा, तुला अर्धा?"

मी अर्धा बदाम घेतला. एवढा गोड बदाम मी खाल्लेला नाही.

निघताना आजींनी त्यांच्याकडचा एक जादा साचा सौभाग्यवतींना दिला. तो कपड्यांत गुंडाळून आम्ही बेळगावपर्यंत सुखरूप आणला. त्यात आता रव्याचा केक होतो. मुलीकडे एक नियम आम्ही करून आलो आहोत. जेवणाच्या टेबलावर फक्त मराठी. शाळेची भाषा शाळेत, बाजाराची बाजारात. ताटावर मात्र आपली. जावईबापू दर रविवारी फोनवर या नियमाचा अहवाल देतात आणि त्यात थोडी सूट घेतलेली असते, हे मी ओळखतो.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रवेशाला येणाऱ्या पालकांना मी पूर्वी आपल्या भाषेचा इतिहास सांगत असे. यंदा फक्त एक प्रश्न विचारला : "घरी जेवताना मुलाशी कोणत्या भाषेत बोलता?" काहींनी चटकन उत्तर दिले. एक तरुण आई मात्र थांबली, तिने मुलाकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, जेवताना आम्ही टीव्ही लावतो."