बारामतीचा गडगडाट कारंज्याच्या वाटेवर

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. आमच्या वाशीम जिल्ह्यातून तो कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. पण दुचाकीला तिथे मज्जाव. मग गाडी शर्यतीच्या घराण्यातली असली, तरी तिला जुना मंगरुळपीरवरून जाणारा रस्ताच धरावा लागतो. त्याच रस्त्याने मी दिवाळीच्या सुटीत अशा गाडीवर मागे बसून कारंज्याला गेले!

गाडी अकोल्याच्या भाच्याची. एप्रिलिया तुओनो ४५७. तुओनो म्हणजे इटालियनमध्ये गडगडाट. कंपनी इटलीची, पण ही तयार होते आपल्या बारामतीत. शर्यतीच्या घडणीच्या ‘आरएस ४५७’चेच इंजिन, वरची प्लॅस्टिकची पांघरुणं उतरवलेली, हँडल उंच केलेलं. अशा गाडीला ‘नेकेड’ म्हणतात. (सासूबाईंना अर्थ सांगायचं मी टाळलं.) घरच्या शंभर सीसीच्या गाडीला सात-आठ अश्वशक्ती, हिला सत्तेचाळीस! २०२५च्या फेब्रुवारीत आली तेव्हा शोरूमची किंमत ३ लाख ९५ हजार होती.

मी आधी मागचं चाक पाहिलं. पदर-ओढणी अडकू नये म्हणून निदान अर्धं चाक झाकलेलं हवं, असा मोटार वाहन नियमच आहे. स्वारीने जाळी काढून टाकलेली! “मावशी, तिने गाडीचा तोरा जातो.” म्हटलं, “तोरा राहू दे, जाळी लाव, मग बसते.” पुढच्या रविवारी लावून आला. मीही साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला, ओढणी घरीच ठेवली, हेल्मेट चढवलं.

मागची बैठक पोळपाटाएवढी, वर पुढच्यापेक्षा उंच. रस्त्याच्या कडेला जागोजाग सोयाबीन वाळत घातलेलं. चाक अडकू न देणारे एबीएस ब्रेक आहेत खरे, पण पसरलेल्या दाण्यांपुढे त्यांचंही फारसं चालत नाही; तिथे आधीच वेग कमी करायला हवा. पुढे मोकळा रस्ता दिसताच भाच्याने मूठ पिळली. पोटात गोळाच आला! खांद्यावर दोन थापा म्हणजे ‘हळू’, असं ठरलं होतं. मारल्या; त्याने लगेच ऐकलं. ज्यांचा मुलगा अशा गाडीसाठी हटून बसलाय, त्या मैत्रिणींनी होकार देण्याआधी ओळखीच्या कुणाच्या मागे एकदा बसून पाहावं.

कारंज्यात शिरलो तेव्हा ती सत्तेचाळीस अश्वशक्ती एका बैलगाडीमागे निमूट चालली होती. गुरुमंदिरात नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी दर्शन घेतलं. परत येताना मात्र मी एस.टी. धरली. मेले गुडघे!